पहिल्या धारेपलीकडची चव

चैत्र-वैशाखात रत्नागिरीच्या एखाद्या आंबा बागायतदाराच्या पडवीत डोकावले, की चव घेणे ही केवढी गंभीर गोष्ट आहे, याचा प्रत्यय येतो. आढी उघडल्यावर घरातील जाणते माणूस आधी फळाचा रंग पाहत नाही. देठाजवळ नाक नेते आणि सांगते, हे आज कापायचे, हे परवा. कातळावरच्या कलमाचा आंबा कोणता आणि खोल मातीतल्या कलमाचा कोणता, हे त्याला एका फोडीवरून कळते. यासाठी त्याने कुठला अभ्यासक्रम पूर्ण केलेला नसतो. वर्षानुवर्षे एकाच फळाकडे लक्ष दिल्यामुळे ते नाक आणि ती जीभ तयार झालेली असते.

त्याच बागेच्या वरच्या अंगाला, वरकस जमिनीत, काजूची झाडे असतात. तेथील दृश्य मात्र निराळे. खाली पडलेल्या लाल-पिवळ्या बोंडांतून बी पिळून काढली जाते, ती टोपलीत जाते आणि बोंड जागीच राहते. दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास सुटतो, तिसऱ्या दिवशी माश्या घोंगावतात. बोंडाचे वजन बीच्या साधारणपणे पाच ते दहा पट असते. म्हणजे एक किलो बी घरी आणणारा शेतकरी पाच ते दहा किलो रसाळ फळ मागे सोडून येतो. काही बोंडे गुरांपुढे जातात, काहींचे सरबत होते. पण पिकाच्या मानाने ते प्रमाण थोडेच.

दक्षिणेला, तेरेखोल नदीपलीकडे, याच बोंडाची फेणी होते. तिला नाव आहे, नियम आहेत, भौगोलिक मानांकनही आहे. तिची चव घेऊन तुलना करणारे जाणकारही आता तयार होऊ लागले आहेत. हा फरक कशामुळे पडला, हे समजून घ्यायचे तर आधी मद्याची चव घेणे म्हणजे नेमके काय करणे, हे पाहावे लागते. आणि त्यासाठी दूरच्या एका देशाचे, जपानचे, उदाहरण फार उपयोगी पडते.

चव घेणे म्हणजे पिणे नव्हे

मद्य पिणे आणि मद्याची चव घेणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. व्हिस्कीचे मिश्रण ठरवणारे तज्ज्ञ, म्हणजे ब्लेंडर, दिवसभरात कित्येक नमुने तपासतात. पण त्यातील बहुतेक काम नाकाने होते. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि ज्याला जपानी लोक ‘उमामी’ म्हणतात तो मांसल स्वाद एवढेच कळते. बाकी आपण ज्याला चव म्हणतो, तो बहुतांशी गंध असतो. घोट घेतल्यावर त्याची वाफ घशाच्या मागून नाकात चढते आणि मेंदू तिला चव समजतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागते, ते याच कारणाने.

म्हणून पेला निवडतानाही गंधाचा विचार होतो. खाली फुगीर आणि वर निमुळता, कळीच्या आकाराचा पेला असला की वास तोंडाशी एकवटतो. त्यात १५ ते २० मिलिलिटर मद्य पुरते. नाक एकदम आत खुपसायचे नाही. तोंड किंचित उघडे ठेवून हळूहळू जवळ न्यायचे. ४० टक्के अल्कोहोल नाकाला बधिर करते. म्हणूनच अनेक ब्लेंडर नमुन्यात पाणी घालून तो २० टक्क्यांच्या आसपास आणतात. पाण्यामुळे जळजळ कमी होते आणि आत दडलेले गंध सुटे होऊन वर येतात. ‘पाणी घातले की मद्य बिघडते’ हा समज निदान परीक्षेच्या वेळी तरी बाजूला ठेवावा लागतो.

तुलनेचे काही साधे नियम आहेत. हलक्या नमुन्यापासून सुरुवात करून भारदस्ताकडे जायचे आणि धुराचा वास असलेला नमुना शेवटी ठेवायचा. बाटल्या झाकलेल्या असाव्यात, कारण किंमत आणि लेबल यांचा जिभेवर मोठा दाब असतो. मध्ये साधे पाणी आणि कोरडा पाव घ्यावा. खोलीत उदबत्ती, अत्तर, तळण यांचा वास नसावा. आणि घोट तोंडात फिरवून थुंकून टाकावा. पाचव्या नमुन्यापर्यंत डोके ठिकाणावर राहिले नाही तर तुलना कसली?

यातील सर्वांत अवघड भाग म्हणजे शब्द. इंग्रजी पुस्तकांतून स्कॉटलंडच्या माळावरील फुले आणि तेथील फळांचे मुरंबे यांची नावे उसनी घेतली, तर ती रत्नागिरीच्या माणसाला काहीच सांगत नाहीत, कारण तो वास त्याच्या आठवणीत नसतो. त्याच्या आठवणीत फणसाचे गरे असतात, आमसुले असतात, पहिल्या पावसातील कातळ असतो, चुलीवरच्या भाताच्या पेजेचा वास असतो. चवीची भाषा ज्याच्या-त्याच्या गावातूनच यावी लागते. जपानने हे फार लवकर ओळखले.

एका मुळाचे दोन फाटे

१९१८ साली मासाताका ताकेत्सुरु नावाचा एक जपानी तरुण स्कॉटलंडला गेला. साके बनवणाऱ्या घराण्यातला हा मुलगा ग्लासगो विद्यापीठात रसायनशास्त्र शिकला आणि लाँगमॉर्न, हेझलबर्न अशा भट्ट्यांमध्ये प्रत्यक्ष काम करून त्याने आपल्या वह्या भरल्या. १९२० मध्ये रिटा कोवन या स्कॉटिश तरुणीशी लग्न करून तो मायदेशी परतला. ओसाकाचे मद्य व्यापारी शिंजिरो तोरी यांना जपानमध्ये अस्सल व्हिस्की करायची होती. त्यांनी ताकेत्सुरु यांना हाताशी धरून १९२३ मध्ये क्योतो शहराजवळ यामाझाकी येथे भट्टी उभारली. पुढे दोघांचे मार्ग वेगळे झाले. ताकेत्सुरु १९३४ मध्ये उत्तरेला होक्काइदो बेटावर, योईची या थंड किनारी गावी गेले आणि तेथे त्यांनी स्वतःची भट्टी घातली. तोरी यांची कंपनी आज सनटोरी म्हणून ओळखली जाते, ताकेत्सुरु यांची निक्का म्हणून.

जपानी व्हिस्कीची तुलना शिकायची तर या दोन भट्ट्यांपासून सुरुवात करणे सोयीचे. दोन्हीकडे बार्लीचा माल्ट, दोन्हीकडे तांब्याची भांडी, दोन्हींची विद्या स्कॉटलंडची. तरी पेल्यात दोन वेगळ्या वस्तू उतरतात. योईचीला भांड्याखाली आजही थेट कोळशाची आच दिली जाते. त्यामुळे तळ किंचित करपतो आणि मद्यात भारदस्तपणा, धूर व खारट झाक येते. यामाझाकीची व्हिस्की फळाकडे झुकते: पीच, अननस, व्हॅनिला आणि त्यामागून लाकडाचा मंद सुगंध. ताकेत्सुरु यांनी स्वतःच १९६९ मध्ये होन्शू बेटावर मियागिक्यो येथे दुसरी भट्टी काढली आणि तेथे आच वाफेची ठेवली. तिची व्हिस्की योईचीच्या मानाने मऊ, फुलाफळांची. मालक एक, पण आच बदलली, जागा बदलली आणि चव बदलली.

स्कॉटलंडमध्ये भट्ट्या एकमेकींना पिंपे विकतात आणि मिश्रणासाठी लागणारी विविधता बाजारातून मिळते. जपानी कंपन्यांमध्ये तशी देवाणघेवाण रुजली नाही. त्यामुळे एकाच भट्टीत निरनिराळ्या आकारांची भांडी, निरनिराळे यीस्ट आणि निरनिराळी पिंपे वापरून अनेक प्रकारची मद्ये घरच्या घरी तयार करावी लागली. अडचणीतून कसब वाढले, ते असे. लाकडाचेही तसेच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशी पिंपे मिळेनाशी झाली, तेव्हा ‘मिझुनारा’ या जपानी ओकचा वापर सुरू झाला. हे लाकूड वळवायला कठीण आणि गळके. पण बराच काळ मुरल्यावर त्यातून चंदनाचा आणि देवळातील उदाचा वास येतो, असे जपानी परीक्षक सांगतात. त्यांनी स्कॉटलंडचे शब्द बाजूला ठेवून आपल्या देवळातील शब्द वापरला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बोंडापासून फेणीपर्यंत

आता पुन्हा कोकणात येऊ. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. ‘काजू’ हा शब्दही ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आलेला. ऊर्ध्वपातनाच्या विद्येला येथील भट्टीची जोड मिळाली आणि गोव्यात फेणी जन्माला आली. तिच्या नावाचा संबंध ‘फेण’ म्हणजे फेस या शब्दाशी जोडला जातो. कारण मद्य हलवल्यावर उठणाऱ्या बुडबुड्यांवरून त्याचा जोर ओळखण्याची पद्धत होती.

फेणीसाठी बोंड झाडावरून तोडत नाहीत. पूर्ण पिकून आपोआप गळलेलेच उचलतात. बी काढून घेतल्यावर खडकात कोरलेल्या उथळ कुंडीत किंवा टाकीत बोंडे पायांनी तुडवतात. आता बऱ्याच ठिकाणी यंत्रे आली आहेत. उरलेल्या चोथ्याचा गोळा बांधून त्यावर दगडाचे वजन ठेवले, की हळूहळू पाझरतो तो स्वच्छ रस म्हणजे ‘निरो’. तुडवून निघालेला रस बाहेरून यीस्ट न घालता दोन-तीन दिवस आंबवतात. फळावर आणि हवेत असलेले सूक्ष्मजीवच ते काम करतात. मग तो ‘भाण’ नावाच्या मोठ्या भांड्यात घालून लाकडाच्या आचेवर तापवतात. वाफ नळीतून दुसऱ्या भांड्यात जाते, त्यावर पाणी ओतून ती थंड करतात, आणि मिळते ते पहिले मद्य म्हणजे हुर्राक.

हुर्राकमध्ये अल्कोहोल साधारण १५ टक्के. तो फार टिकत नाही. मार्च ते मे एवढाच त्याचा मोसम. म्हणून गोव्यात त्याची वाट आंब्यासारखी पाहिली जाते आणि लिंबू, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची घालून तो घेतला जातो. हाच हुर्राक रसात मिसळून पुन्हा गाळला, की ४२ ते ४५ टक्क्यांच्या आसपासची फेणी हाती येते. जुने भट्टीवाले तिचा जोर अजूनही ‘ग्राव’ या पोर्तुगीज काळातील मापात सांगतात.

माडाची फेणी ही वेगळी. ती नारळापासून होत नाही, तर माडाच्या पोयीतून उतरवलेल्या माडीपासून होते. त्यामुळे तिच्यात खोबऱ्याचा वास शोधणाऱ्याची निराशा होते. तिची चव सौम्य, किंचित आंबूस. काजू येण्याच्या आधीपासून या किनाऱ्यावर माड होता, माडी होती. त्या अर्थाने माडाची फेणी ही थोरली बहीण.

समोरासमोर चार पेले

हुर्राक, काजूची फेणी, माडाची फेणी आणि एक जपानी सिंगल माल्ट असे चार पेले समोर ठेवले, तर काय कळते?

हुर्राकमध्ये फळ सर्वांत जवळ असते: पिकलेल्या बोंडाचा गोड-उग्र वास, त्यामागे आंबलेल्या रसाचा तजेला. माडाची फेणी त्याहून शांत. काजूच्या फेणीत तोच बोंडाचा वास एकवटून येतो. पाणी घातले की त्यातून अननस, हिरवे सफरचंद अशा छटा वेगळ्या होतात आणि शेवटी मिरीसारखा झणका राहतो. येथे एक गंमत आहे. कच्चे बोंड खाल्ल्यावर घसा धरतो, तो त्यातील टॅनिनमुळे. टॅनिन वाफेबरोबर वर चढत नाही. म्हणून घसा धरणाऱ्या फळाचे मद्य घसा धरत नाही. ते धरत असेल, तर दोष फळाचा नव्हे, गाळणाऱ्याचा.

व्हिस्कीचा पेला उचलला, की आधी लाकूड बोलते. भट्टीतून निघते तेव्हा व्हिस्की पाण्यासारखी पारदर्शक असते. रंग आणि गंधाचा मोठा वाटा तिला पिंपात वर्षानुवर्षे मुरल्यावर मिळतो. फेणीला पिंप नाही. गोव्यात ती ‘गर्राफाँव’ नावाच्या मोठ्या काचेच्या बरण्यांत ठेवण्याची रीत आहे. काच काही देत नाही आणि काही घेतही नाही. म्हणजे व्हिस्कीची चव ही धान्य, लाकूड आणि काळ यांची, तर फेणीची चव फळ, आंबवण आणि भट्टी यांची. म्हणूनच फेणीत चूक लपत नाही. सडके बोंड, कळकट भांडे, अति आच यांचा हिशेब थेट नाकाशी होतो. लाकडाची गोडी वरून पांघरूण घालायला नसते.

‘यांतील श्रेष्ठ कोणती?’ हा प्रश्न त्यामुळे गैरलागू ठरतो. हापूस आणि बरका फणस यांत श्रेष्ठ कोण, असे कोणी विचारत नाही. दोन फेण्यांची तुलना फेणीच्या कसोटीवर आणि दोन व्हिस्कींची व्हिस्कीच्या कसोटीवर व्हायला हवी. फेणीला ‘उग्र वासाची गावठी’ म्हणून हिणवणाऱ्यांनी तिला नेमके व्हिस्कीच्या मापाने मोजलेले असते.

‘पहिल्या धारेची’ म्हणजे काय?

मराठीत एखादी गोष्ट अस्सल आणि जालीम असली, की तिला ‘पहिल्या धारेची’ म्हणतात. हा वाक्प्रचार थेट भट्टीवरून आलेला. गाळायला सुरुवात होताच जी धार येते, तिच्यात अल्कोहोलचे प्रमाण सर्वाधिक असते, म्हणून तिचा दरारा. पण जगभरातील चांगल्या भट्टीत नेमकी हीच धार बाजूला काढतात. तिच्यात लवकर उडणारे अॅसिटाल्डिहाइड, इथाइल अॅसिटेट यांसारखे झोंबणारे घटक अधिक असतात. रंगाच्या डब्यासारखा वास येतो, तो त्यांचा. शेवटच्या धारेत जड, तेलकट, कुबट वासाचे घटक येतात. तीही वेगळी काढतात. मधली धार हीच खरी. कुठे सुरुवात करायची आणि कुठे थांबायचे, हे ठरवण्यातच गाळणाऱ्याचे कौशल्य असते.

येथे चवीचा प्रश्न जिवाचा प्रश्न होतो. विषारी मिथेनॉल पहिल्या धारेत सगळे निघून जाते, हा समज चुकीचा आहे. ते पुढच्या धारांतही काही प्रमाणात राहते. फळांतील पेक्टिनमुळे फळमद्यात ते अल्प प्रमाणात तयारही होते, म्हणून प्रयोगशाळेतील तपासणीला पर्याय नाही. मात्र महाराष्ट्रात विषारी दारूने जे बळी घेतले, त्यामागे बोंड किंवा मोहाचे फूल नव्हते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मेली, ती औद्योगिक मिथेनॉलची भेसळ असलेल्या दारूने. चोरून विकल्या जाणाऱ्या मद्याला ना लेबल असते, ना तपासणी, ना चव घेऊन नाकारणारा कोणी. नाव नसलेल्या वस्तूची जबाबदारी कोणावरच नसते.

एक झाड, दोन कायदे

आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी सावंतवाडी, वेंगुर्ले हा काजूचा पट्टा रत्नागिरी जिल्ह्यातच होता आणि रत्नागिरी जिल्ह्याची हद्द थेट गोव्याला भिडत होती. झाड तेच, जांभ्याची माती तीच, पाऊस तोच. वेगळा होता तो कायदा.

कोकण किनाऱ्यावर माडी काढणे आणि गाळणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. इंग्रजी अमलात १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी आणि मद्य यांवर सरकारची पकड घट्ट झाली. स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ आला आणि घरगुती भट्टी हा उघड गुन्हा ठरला. पुढे बंदी सैल झाली, परवाने सुरू झाले; पण सैल झालेल्या बंदीचा लाभ झाला तो मळीपासून कारखान्यात होणाऱ्या मद्याला. ‘देशी दारू’ या नावाने दुकानात मिळू लागले ते याच मळीच्या अल्कोहोलचे. त्यात देशीपणा होता तो फक्त वर्गवारीचा. कोणत्याही गावाचे फळ किंवा फूल त्यात नव्हते.

गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्ता होती. तेथे बंदी नव्हती, कर होता. मुक्तीनंतरही काजूच्या मोसमात भट्ट्यांसाठी विभागवार लिलाव करून परवाने देण्याची पद्धत चालू राहिली. बोंड एका दिवसात खराब होऊ लागते. ते शंभर किलोमीटरवरच्या कारखान्यात नेऊन चालत नाही. भट्टीच बागेजवळ असावी लागते. गोव्याच्या व्यवस्थेत ती बागेजवळ राहिली. रत्नागिरीत ती एक तर बंद पडली किंवा रानात लपली. लपलेल्या भट्टीवर धार निवडायला वेळ नसतो. जे येईल ते आणि जेवढे येईल तेवढे विकायचे असते. तेथे चव घडत नाही.

नावाची किंमत

२०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जिम मरी यांच्या ‘व्हिस्की बायबल’ने यामाझाकीच्या शेरी कास्क व्हिस्कीला जगातील सर्वोत्तम ठरवले. त्याच सुमारास ताकेत्सुरु आणि रिटा यांच्या जीवनावर बेतलेली ‘मास्सान’ ही मालिका जपानी दूरचित्रवाणीवर गाजली. मागणी एवढी वाढली की मुरलेला साठा पुरेना. २०१८ मध्ये सनटोरीला हाकुशू १२ आणि हिबिकी १७ यांची विक्री थांबवावी लागली. या टंचाईत काही जणांनी परदेशी व्हिस्की आणून, जपानमध्ये बाटल्यांत भरून, ‘जपानी व्हिस्की’ म्हणून विकली. त्यावर तेव्हा बंधन नव्हते. ज्या नावासाठी दोन पिढ्या खपल्या, ते नाव पातळ होऊ लागले.

अखेर जपानच्या मद्यउत्पादक संघटनेने २०२१ मध्ये नियम जाहीर केले. माल्ट वापरलाच पाहिजे, पाणी जपानचे हवे, आंबवणे आणि गाळणे जपानमध्येच व्हावे, ७०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपात किमान तीन वर्षे जपानमध्ये मुरवावे, बाटलीत भरणेही तेथेच व्हावे आणि अल्कोहोल किमान ४० टक्के असावे. १ एप्रिल २०२४ पासून ते संघटनेच्या सदस्यांना पूर्णपणे लागू झाले. कायद्याच्या आधी उत्पादकांनी स्वतःला घातलेली ही मर्यादा आहे, हे महत्त्वाचे.

गोव्याने हा मार्ग आपल्या परीने आधीच धरला होता. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा मद्याचा दर्जा दिला आणि २०२१ मध्ये फेणीचे स्वतंत्र धोरण आले. मानांकनामुळे ‘गोव्याची काजू फेणी’ हे नाव दुसऱ्या कोणाला वापरता येत नाही. अर्थात उद्या रत्नागिरीत बोंडापासून उत्तम मद्य तयार झाले, तरी त्याला ते नाव घेता येणार नाही. आपले नाव, आपली रीत आणि आपले नियम नव्याने घडवावे लागतील.

महाराष्ट्राने त्या दिशेने एक पाऊल टाकले ते एप्रिल २०२२ मध्ये. काजूची बोंडे, मोहाची फुले आणि स्थानिक फळे यांपासून तयार होणाऱ्या मद्याला ‘देशी’ऐवजी ‘विदेशी मद्य’ या वर्गात घेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. हेतू स्वच्छ होता: ‘देशी’ या शिक्क्याबरोबर येणारी अवहेलना टळावी आणि शेतकऱ्याच्या मालाला दर मिळावा. पण कोकणच्या वरकस जमिनीत पिकलेल्या बोंडाला मान मिळवण्यासाठी ‘विदेशी’ म्हणवून घ्यावे लागावे, यात आपल्या कायद्याच्या शब्दकोशाची गरिबीही दिसून येते. जपान्यांनी परदेशी विद्येला आपले नाव दिले. आपण आपल्या फळाला परके नाव दिले.

प्रश्न बोंडाचा आहे

या सगळ्याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळून चालणार नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे कोकणातही आहेत. ‘आडव्या बाटली’साठी मतदानाला रांगा लावणाऱ्या महिलांनी महाराष्ट्रात गावोगावची दुकाने बंद पाडली, ती चवीच्या चर्चेत रस नव्हता म्हणून नव्हे, तर रोजच्या मारहाणीला आणि उपासमारीला कंटाळून. मद्याचे आरोग्याला निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘शेतकऱ्याच्या हिताचे’ एवढ्या एका वाक्यावर कोणत्याही भट्टीचे समर्थन होऊ शकत नाही.

बोंडाचा उपयोग मद्यासाठीच व्हावा, असेही नाही. त्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असते. १९७२ मध्ये स्थापन झालेले दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ आणि त्याचे वेंगुर्ल्याचे संशोधन केंद्र यांनी काजूच्या सुधारित जाती दिल्या. १९९० पासूनच्या रोजगार हमीशी निगडित फळबाग योजनेने त्या वरकस जमिनीत पसरल्या आणि काजू उत्पादनात महाराष्ट्र देशात आघाडीवर आला. सरबत, सिरप, व्हिनेगर यांच्या वाटा खुल्या आहेत. मात्र यांतील कोणत्याही वाटेला एकच अट आहे: गळलेले बोंड त्याच दिवशी, स्वच्छ, वेचून जवळच्या केंद्रावर पोचले पाहिजे. त्या केंद्रावर ते पाहून, हुंगून, घेणारा किंवा नाकारणारा माणूस असला पाहिजे आणि चांगल्या बोंडाला वेगळा दर मिळाला पाहिजे. मद्य असो वा सरबत, प्रतवारी येथूनच सुरू होते.

आंब्याच्या बाबतीत रत्नागिरीने हे सारे केले आहे. पेटीवरचे नाव, फळाची प्रत, गावागावाच्या आंब्यातील भेद यांवर येथे वाद घातले जातात, आणि २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला मानांकन मिळाले त्याआधी कित्येक पिढ्या ग्राहक ‘रत्नागिरी’ हे नाव वाचून जास्त पैसे मोजत होता. आढीवर वाकणारे ते जाणते नाक अजून काजूच्या झाडाखाली वाकलेले नाही. यंदाच्या मोसमातही बी टोपलीत जाईल, आणि बोंडे झाडाखाली पडून राहतील.